अर्बाबच्या गोळ्यांतला माझा वाटा

४ जानेवारी, रविवार

अर्बाबचं, म्हणजे दुकानाच्या मालकाचं, माप घेतलं. रमजानच्या आधी नवीन दिशदाशा, इथला अरबी पायघोळ झगा, हवा म्हणतो. खांदा उतरलाय. छातीला मागच्या मापाने टेप लावली, तर माझी बोटं आत जाऊन वर जागा उरते. "हात ऊपर," म्हटलं. हात वर केला, तर अंगातल्या जुन्या दिशदाशाचं कापड काखेखाली नुसतं लोंबत होतं. तोही मीच शिवलेला, मागच्या ईदचा. तेव्हा नीट बसला होता.

विचारलं, "अर्बाब, घर में खाना बंद है क्या?"

म्हणाला, "तू खाता है ना? बस."

हसला, चहा पिऊन गेला. टेप जुनी झाली की ताणते आणि माप कमी येतं. म्हणून नवी टेप काढून आधी स्वतःच्या छातीला लावून बघितली. टेप ठीक आहे.

५ जानेवारी

लतिफला सांगितलं. लतिफ खोलीत माझ्याबरोबर राहतो, दाभोळकडचा, एसीच्या कंपनीत आहे. म्हणाला, "भाय, म्हातारा माणूस आटतोच. तुम्हीच कसे फुगताय ते सांगा." आणि बांगडे तळायला गेला. त्याला कशाची काळजी म्हणून नाही.

पण बोलला ते डोक्यात राहिलं. अर्बाब हमूद आणि मी एका वयाचे. दोघांना साखर. गोळी तीच, कारण त्याच्याच गोळ्या मी घेतो. मग तो आटतो आणि मी नाही, हे कसं?

८ जानेवारी, गुरुवार

अर्बाब आला. रोजच्यासारखा दाराजवळच्या खुर्चीत. खिशातून टिश्यूत गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी काढून मशिनवर ठेवली. अर्धी पट्टी, कात्रीने कापलेली. नेहमी अशीच येते. मी विचारलं, घरी पुरतात ना? तर नेहमीचंच उत्तर, "हुकूमत बोरी भर के देती है. घर में जगह नहीं."

मी इतकी वर्षं हे खरं मानलं. का मानू नये? त्यांचं सरकार, त्यांचं तेल. अर्बाबला वर्षाला नावापुरती फी असते, बाकी तपासणी, गोळ्या, सगळं फुकट. माझं तसं नाही. मी त्याच्या दुकानाच्या व्हिसावर. लतिफला कंपनीचं विम्याचं कार्ड आहे. मला कार्ड नाही. एकदा रुवीच्या खासगी क्लिनिकमध्ये गेलो होतो, खिडकीवरच्या मुलीने आधी कार्ड विचारलं, मग नाव, आणि काय होतंय ते सगळ्यात शेवटी. ते अर्बाबला सांगितलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिली पट्टी आली. तेव्हापासून सुरू आहे.

११ जानेवारी

मुनाचा फोन. अर्बाबची धाकटी मुलगी, मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या शाळेत शिकवते. "चाचा, मंगळवारी बाबांना आरोग्य केंद्रात न्याल? माझ्या शाळेत परीक्षा आहेत. ते घरी येऊन काहीच सांगत नाहीत. डॉक्टर काय म्हणाली, तुम्ही ऐकून मला सांगा."

नेतो म्हटलं. दुकान अर्धा दिवस बंद. तीन गिऱ्हाइकांना तारीख दिलीय, ती कशी पाळायची.

१३ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहून काढतो, नाहीतर डोक्यात फिरत राहील.

अर्बाबच्या वस्तीचं सरकारी केंद्र. ज्या वस्तीत घर, तेच केंद्र. मोठ्या इस्पितळात जायचं तर इथूनच चिठ्ठी लागते. स्वच्छ, थंडगार. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. अर्बाबने ओळखपत्र दिलं आणि आतल्या डॉक्टरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचा सगळा जन्म उघडला. किती सालापासून काय, कुठली गोळी, सगळं.

डॉक्टर तरुण, मुनापेक्षा लहान असेल. अर्बाब तिला "बिंती, बिंती", म्हणजे पोरी, पोरी, करत होता. ती पडद्याकडे बघून म्हणाली, "चाचा हमूद, तीन महिन्यांची साखर पुन्हा वर. मागच्या वेळी मी गोळी वाढवली. त्याआधीच्या डॉक्टरने वाढवली. तरी वर. तुम्ही सकाळ-संध्याकाळ घेता ना?"

"ऐवा, ऐवा." म्हणजे हो, हो.

"रोज?"

"वल्ला, रोज." अल्लाची शपथच घेतली.

मग ती माझ्याकडे वळली. "तुम्ही दिवसभर सोबत असता. घेतात ना नीट?"

मला काही कळलं नव्हतं तोवर. मी म्हटलं, हो. संध्याकाळचं मी काय बघतो? पण हो म्हटलं. अर्बाबने मान हलवली, बघ, सांगितलं ना, अशी.

तिने गोळी आणखी वाढवली. म्हणाली, रमजानच्या आधी सगळ्या साखरवाल्यांना आम्ही बोलावतो, रोजे धरायचे की नाही ते ठरवायला. तेव्हा या. तोवर उतरली नाही, तर इन्सुलिनची सुई सुरू करू.

औषधाच्या खिडकीवर आम्ही दोघं उभे. मी पहिल्यांदाच त्या खिडकीवर. मुलीने एक लहान पिशवी दिली. महिन्याचं. पोतं नाही, ढीग नाही. तिने प्रत्येक खोक्यावर चिकटवलेला कागद वाचून दाखवला. सकाळ, संध्याकाळ, जेवणाआधी.

गाडीत बसल्यावर अर्बाबने खिशातून दुकानातली दोरे कापायची कात्री काढली. मी महिनाभर शोधतोय ती. खोकं उघडून पट्टी मधोमध कापली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ये तेरा."

मी म्हटलं, "अर्बाब, ये तो तेरा पूरा है. बोरी किधर?"

त्याने गाडी सुरू केली. "बोरी, बोरी. तू बनिया है क्या?"

१४ जानेवारी

झोप नाही. एका गिऱ्हाइकाची बाही उलट्या बाजूने कापली. कापड वाया.

अर्बाब आटतोय, कारण त्याच्या वाट्याची साखर न उतरता मी उतरवून घेतोय. माझी. त्याच्या गोळीने.

१५ जानेवारी, गुरुवार

विचारलंच. तो खुर्चीत, मी मशिनवर, काज करत करत विचारलं, म्हणजे तोंडाकडे बघायला नको.

तो उठला, आत पडद्याआड गेला, दिशदाशा पोटापर्यंत वर केला. बेंबीच्या बाजूला जुन्या डागण्या, पांढऱ्या पडलेल्या. माप घेताना कधी दिसल्या नव्हत्या. म्हणाला, लहानपणी गावाला ताप आला की लोखंड तापवून लावायचे. दवाखाना? लांब, मत्रह शहरात. गाढवावरून. थोरल्या भावाला घेऊन बाप निघाला होता, वाटेतच परत फिरला. परत का फिरला ते मी विचारलं नाही.

"अब हुकूमत देती है," म्हणाला. "मेरे घर में पानी है, दवा है. तू मेरे साथ बैठा है. मैं अकेला खाऊँ? ऐब."

ऐब म्हणजे लाज. जेवायला थाळा येतो, तेव्हाही असाच करतो. मांसाचे चांगले तुकडे बोटाने माझ्या बाजूला सरकवतो आणि स्वतः भात खातो. थाळा आणि पट्टी त्याच्या लेखी एकच.

मी म्हटलं, गोळी म्हणजे भात नव्हे. तो म्हणाला, "तू डॉक्टर? तू दर्जी. बटन लगा."

१८ जानेवारी, रविवार

रुवीला गेलो. डॉ. देशमुख, पुण्याकडचे, त्याच क्लिनिकमधले. मराठीत बोलता येतं म्हणून धीर करून गेलो. त्यांना सांगितलं, एक मित्र औषध देतो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"काका, मित्राला साखर आहे?"

"आहे."

"आणि तो त्याचं औषध तुम्हाला देतो."

मग मी केंद्रातलं सगळं सांगितलं.

त्यांनी कागदावर साखरेची एक रेघ काढली, तिच्या खाली एक, वर एक. म्हणाले, "हे बघा. तिकडच्या डॉक्टरला वाटतंय, हा सगळं घेतोय आणि तरी उतरत नाही. म्हणून ती वाढवतेय. वाढवून वाढवून आता त्या पट्टीत एका माणसाचं औषध नाही, जवळजवळ दोघांचं आहे. तो एखाद्या दिवशी सगळं एकटा घेईल ना, तर साखर इतकी खाली जाईल, की चक्कर येऊन पडेल. गाडी चालवतो?"

"चालवतो."

"मग बघा."

म्हणजे मी घेतलं तर तो आटतो. मी नाही घेतलं आणि त्याने सगळं घेतलं, तर तो पडतो. मी हे त्यांना तसंच म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर समजलात. आता तिकडच्या डॉक्टरला सांगा. एक वाक्याचं काम आहे."

एक वाक्य. यांचं काय जातं.

माझ्यासाठी वेगळी गोळी लिहून दिली, स्वस्तातली. ती आणली. म्हणजे मी माझी घेईन. पण अर्बाबची अर्धी पट्टी नको म्हटली, तर तो सगळी खाणार. घ्यायलाच हवी. घ्यायची आणि खायची नाही.

२० जानेवारी

लतिफला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं. हसून हसून खोकला आला त्याला. "भाय, पाहुणचारात लोक सरबत देतात. तुमच्या अर्बाबने आजार वाटून घेतला." मग गंभीर होऊन म्हणाला, "गप ऱ्हावा. पोरीच्या कानावर गेलं तर ती आधी तुम्हाला घरी धाडेल. सरकारी औषध परक्या माणसाला, केवढं लफडं. म्हाताऱ्याचं त्याच्या घरचे बघतील."

बघतील कोण? अर्बाबचे मुलगे दोघं तिकडे लांब सोहारला.

२२ जानेवारी

गावाकडून बायकोचा, झुबेदाचा फोन. तिला म्हटलं, अर्बाब बारीक झालाय. ती म्हणाली, "तुम्ही या आता. डोळे गेले, पाठ गेली, अजून काय शिवताय तिथे?" घरी जाऊन काय करू? दोन महिने गेलो होतो, तर सगळे माझ्याशी पाहुण्यासारखे वागले. इथे निदान मशिन माझं ऐकतं. तिला असं बोललो नाही. रमजान होऊ दे म्हटलं.

२६ जानेवारी, सोमवार

बटणांचा जुना पत्र्याचा डबा, काळी बटणं ठेवतो तो. काळी कोणी मागत नाही. त्यात अर्बाबच्या गोळ्या टाकतो. तो दुकानात असताना पाण्याचा घोट घेतो, गोळी जिभेखाली धरतो, मग आत जाऊन डब्यात. या वयात ही चोरी.

संध्याकाळी मुना आली, इस्त्रीचे कपडे न्यायला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "चाचा, तुमचा व्हिसा ईदनंतर संपतो. आता म्हणतात सगळ्या कामगारांना विमा लागणार. तुमच्या वयाला कंपन्या आधी आजार विचारतात. बाबा म्हणतात करू. मी बघते." आणि लगेच, "केंद्रात काय म्हणाली डॉक्टर? गोळ्या नीट घेतात ना?"

तेव्हा सांगायचं होतं. ती उभी होती, हातात किल्ली. माझं तोंड उघडलं होतं. म्हटलं, घेतात.

२९ जानेवारी

अर्बाबच्या नव्या दिशदाशाचे खांदे नव्या मापाने कापायचे की जुन्या? नव्या मापाने कापले, तर तो बारीक झाला हे मी मान्य केलं असं होतं. कापड तसंच ठेवलंय.

स्वतःचं अंग जड वाटतं. नवी गोळी बसली की नाही, कोण सांगणार? डॉ. देशमुख म्हणाले, परत तपासायला या. बघू.

१ फेब्रुवारी, रविवार

मेलो.

अर्बाबच्या जुन्या कोटाचं बटण तुटलं होतं. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो. तो स्वतःच उठून काळं बटण शोधायला फळीकडे गेला. डबा उघडला. मी नुसता बघतोय.

गिऱ्हाईक गेल्यावर त्याने डबा मशिनवर ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. म्हणाला, "कितने दिन से?"

मी सगळं सांगितलं. देशमुख डॉक्टर, ती रेघ, दोघांचं औषध. त्याने काही ऐकलं नाही. त्याला एवढंच कळलं, की त्याने दिलं आणि मी खाल्लं नाही. "मैं देता, तू फेंकता. मेरा हाथ गंदा है?"

"अर्बाब, नाही, ऐक."

"खलास. नहीं चाहिए तो मैं खाएगा. पूरा."

हातातली ताजी पट्टीही परत खिशात घातली. डबा राहिला. काळं बटणही न घेता गेला.

२ फेब्रुवारी

आला नाही. फोन उचलत नाही.

मुनाला करायचा का? काय सांगू? तुझ्या बापाने स्वतःचं औषध स्वतः घ्यायचं ठरवलंय, त्याला थांबव?

३ फेब्रुवारी

आला नाही. दुकानाचं दार दिवसभर उघडं ठेवलं, एसी वाया. लतिफ म्हणाला, "रुसलाय. नवरीसारखं करू नका तुम्ही."

४ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी गाडी आली. फुटपाथवर एक चाक चढवून उभी केली. कधी करत नाही असं. उतरला तर चेहरा पांढरा, दिशदाशाची पाठ घामाने चिकटलेली. जानेवारी-फेब्रुवारीत इथे कोणाला घाम येतो? हात थरथरत होते. काहीतरी रागाने बोलत होता, पण शब्द जागेवर नव्हते. मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली.

मी खजुराचा डबा उघडला, बोटांनी बी काढून तोंडात घातला. एक, दुसरा. साखर घातलेला चहा शेजारच्या कॅफेटेरियातून धावत आणला. पाजला. थोड्या वेळाने माणूस परत डोळ्यांत आला.

पहिलं काय बोलला? "देखा? दवा तेज है. हुकूमत का है."

मी रडलो. तो म्हणाला, "तू क्यों रोता, गिरा तो मैं."

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बसून बोललो. मी म्हटलं, रमजान येतोय. उपाशी पोटी ही पूर्ण गोळी, आणि तू गाडी चालवत दुपारी येणार. रस्त्यावर पोरं असतात, शाळेच्या बस असतात. डॉक्टरला सांगू या.

त्याने खिशातून तसबीह, जपाची माळ, काढली. मग म्हणाला, "उस बच्ची के सामने मैंने वल्ला बोला. अब बोलूँ, झूठ था? मेरी दाढ़ी सफ़ेद है."

"मी पण हो म्हटलं होतं."

"तू मेरे वास्ते बोला. तेरा माफ."

आणि मग सौदा ठरला. ठरला म्हणजे त्याने ठरवला. पुन्हा अर्धी पट्टी माझी. त्याच्यासमोर गिळायची, जीभ दाखवायची. म्हणजे तो पडणार नाही. मी म्हटलं, आणि आटशील ते? "रमजान में सब आटते."

गिळली. जीभ दाखवली. मग आठवलं, सकाळी माझीही घेतली होती. दुपारी मलाच गरगरलं, शिलाई वाकडी गेली. लतिफ म्हणतो, "आता तुम्ही दोघं मिळून एकच रुग्ण झालात, भाय."

९ फेब्रुवारी

माझी गोळी बंद केली. त्याचीच घेतो. निदान गरगरत नाही. पण त्याला बघवत नाही. आज पाणी पितच होता, पितच होता. बाटली संपली की दुसरी.

मुनाचा निरोप: रविवारी केंद्रात बोलावलंय, मी रजा घेतलीय, चाचा तुम्हीही चला, बाबा माझं ऐकत नाहीत.

१२ फेब्रुवारी

कोणाला सांगितलं तर काय होईल, याचाच विचार. अर्बाब बोलणं टाकेल. मुना व्हिसा करणार नाही. सरकारी औषध परक्याने खाल्लं म्हणून पोलीस? लतिफ म्हणतो एवढ्यासाठी कोणी पकडत नाही, आणि मग म्हणतो काय सांगता येत नाही. असला माणूस.

न सांगितलं तर सुई. सुई अर्धी कापून देता येत नाही. देईलही हा.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुढे मुना गाडी चालवत, शेजारी अर्बाब, मागे मी. खिशात बटणांचा डबा. वळणावर आतल्या गोळ्या आणि बटणं वाजत होती. मुनाने आरशातून दोनदा बघितलं.

तीच डॉक्टर. पडदा उघडला. साखर मागच्यापेक्षा वर. तिने पेन ठेवलं. मुनाकडे, मग माझ्याकडे. "घेतात ना?"

अर्बाब माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होता, भाज्या आणि फळांचं चित्र.

मी डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. मला बोलायचं होतं, जुळवून आणलं होतं, अरबीत तीन वाक्यं. एकही आलं नाही.

डॉक्टर म्हणाली, "हे कोणाचं?"

आणि अर्बाब, अजून त्या फळांकडे बघत, म्हणाला, "आमच्या दोघांचं."

मुना "बाबा" म्हणाली, एवढंच.

डॉक्टर रागावली नाही. ते जास्त वाईट. तिने मला विचारलं, मला साखर किती वर्षं, मी कुठे तपासतो, आता काय घेतो. सगळं विचारलं आणि काही लिहिलं नाही. म्हणाली, "यांच्या नावाची इथे फाइल आहे, तुमच्या नाही. तुमचं मला लिहिता येत नाही. तुम्ही तुमच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा." मग अर्बाबची गोळी कमी केली, बरीच कमी, आणि पहाटेच्या सेहरीचं आणि संध्याकाळच्या इफ्तारीचं वेगळं लावून दिलं. म्हणाली, "चाचा हमूद, आता हे एकाच माणसाचं आहे. पुरं तुम्ही घ्यायचं. वाटलंत तर मला पुन्हा काहीच कळणार नाही."

"ऐवा," अर्बाब म्हणाला. वल्ला म्हणाला नाही.

परतताना मला दुकानापाशी सोडलं. मुनाने काच खाली केली, मला वाटलं बोलणार. काच वर केली.

१६ फेब्रुवारी

कोणी नाही.

१७ फेब्रुवारी

खुर्ची रिकामी. ईदच्या ऑर्डरी येताहेत, हात कामाला, डोकं नाही. एकाने अर्बाबच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, मी उचलून खाली ठेवली, तो बघत राहिला.

डॉ. देशमुखांकडे जाऊन आलो. गोळी बदलली. म्हणाले, "सांगितलंत ना? बरं केलंत." बरं केलं की काय ते त्यांना काय माहीत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर मुना आली. एकटी. जुना दिशदाशा आणला होता, तो मागच्या ईदचा. "बाबा म्हणाले, नव्याचे खांदे याच मापाचे ठेवा. म्हणाले, भरतील."

मी म्हटलं, ते कसे आहेत?

"घरी आहेत. गाडीची किल्ली माझ्याकडे." मग, "चाचा, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. मी विचारलं होतं तुम्हाला. इथेच."

मी जुना दिशदाशा घडी करून मशिनवर ठेवला.

"तुमचा पासपोर्ट द्या."

दिला. फळीवरच होता. व्हिसा पुढे करायला की खलास करायला, दोन्हीला पासपोर्ट लागतो. विचारायचं होतं. तिने पर्समध्ये टाकला, म्हणाली, "इन्शाल्ला." हे लोक हो ला पण इन्शाल्ला म्हणतात आणि नाही ला पण.

जाताना खजुराचा डबा ठेवला. "बाबांनी दिलाय. रमजानचा."

ती गेल्यावर डबा उघडला. वरचा थर खजुराचा. खाली टिश्यू. टिश्यूत गोळ्यांची पट्टी, नवी, ती कमी ताकदीची. अर्धी. कात्रीने मधोमध कापलेली. दोरे कापायची माझी कात्री अजून त्याच्याकडेच आहे.

फोन केला. पहिल्या रिंगला उचलला.

"मिला?"

"अर्बाब, उसने क्या बोला था? एक आदमी का."

"खजूर गिन के खा," म्हणाला. "रमजान मुबारक." आणि ठेवला.

उद्या पहिला रोजा. सेहरीला तो आपली अर्धीच घेणार, मला ठाऊक आहे. पट्टी मशिनवर पडली आहे. मुनाची गाडी अजून गल्लीच्या तोंडाशी दिसते, पुढे पाण्याचा टँकर आडवा लागलाय. तिच्या पर्समध्ये माझा पासपोर्ट आहे. मी तिचा नंबर काढून ठेवलाय, अंगठा त्याच्यावर धरून बसलोय.